“हे खासगी कॉलेज आहे, इथे घटना चालत नाही”: प्राचार्यांचं हे म्हणणं कितपत खरं?

आधी तुमची हकिगत माझ्या शब्दांत सांगतो, काही चुकत असेल तर दुरुस्त करा. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहात. मेसचं जेवण आणि ‘विकास निधी’ म्हणून घेतलेली जादा रक्कम, यांवर तुम्ही इन्स्टाग्रामला दोन स्टोऱ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी रेक्टरनी फोन काढून घेतला, अनलॉक करायला लावला आणि चॅट वाचले. त्यानंतर प्राचार्यांच्या सहीचं तीन ओळींचं पत्र हातात पडलं: ‘शिस्तभंगाबद्दल चालू सत्रासाठी निलंबित’. नोटीस नाही, चौकशी नाही. प्रवेशाच्या वेळी ‘संस्थेची बदनामी होईल असं काहीही समाजमाध्यमांवर लिहिणार नाही’ असं हमीपत्र घेतलेलं होतं, ते आता पुढे केलं जातंय. तुम्ही घटनेच्या कलम १९ चं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या कलमाचं, नाव काढल्यावर प्राचार्य वरचं वाक्य बोलले. आणि तुम्ही विचारताय: मला भाषणस्वातंत्र्य आहे की नाही?

माझ्याकडे अशी प्रकरणं घेऊन येणारे विद्यार्थी आणि पालक बहुतेक वेळा याच प्रश्नापासून सुरुवात करतात. मी त्यांना तो प्रश्न थोडा बाजूला ठेवायला सांगतो. तो बिनमहत्त्वाचा नाही, पण त्याचं उत्तर वर्षभर भांडल्यावर मिळेल आणि तोवर तुमचं सत्र गेलेलं असेल. तुमचा आजचा प्रश्न वेगळा आहे: तुमचं सत्र थांबवण्याचा अधिकार कॉलेजला कुठून मिळाला, आणि तो वापरण्याआधी तुमचं ऐकून घ्यायला ते बांधील होते का?

प्राचार्य अर्धे बरोबर आहेत, हे आधी मान्य करू. मूलभूत हक्कांमधले बरेचसे हक्क ‘राज्या’विरुद्ध आहेत आणि ‘राज्य’ म्हणजे काय ते कलम १२ सांगतं: केंद्र, राज्य, त्यांची विधिमंडळं, स्थानिक संस्था आणि ‘इतर प्राधिकरणं’. ट्रस्ट किंवा सोसायटीने स्वतःच्या पैशावर चालवलेलं कॉलेज सहसा या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे ‘कॉलेजने माझं कलम १९ मोडलं’ एवढ्याच वाक्यावर याचिका उभी केली, तर समोरच्या वकिलाचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: आम्ही राज्य नाही, याचिका चालणारच नाही.

उरलेल्या अर्ध्या भागात मात्र प्राचार्य चुकताहेत. काही कलमं घटनेने मुद्दामच खासगी संस्थांपर्यंत पोचवली आहेत. अस्पृश्यता पाळायला बंदी करणारं कलम १७ प्रत्येकाला लागू आहे, संस्थाचालकांनाही. कलम २९(२) सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारू देत नाही. कलम २८(३) तर फारच थोड्यांना माहीत असतं. राज्याची मान्यता असलेल्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला किंवा पूजा-प्रार्थनेला बसवता येत नाही. इथे अनुदानाचीही अट नाही, मान्यता पुरते. म्हणजे तुमच्या कॉलेजात उद्या एखाद्या उत्सवाच्या पूजेला हजेरी सक्तीची केली, तर ‘इथे घटना चालत नाही’ हे वाक्य तिथल्या तिथे खोटं ठरेल. तुमचं प्रकरण यातल्या कशात बसत नाही, पण ते विधान सरसकट करता येत नाही एवढं यातून दिसतं.

तुमच्या उपयोगाचं कलम आहे २२६. उच्च न्यायालय ‘कोणत्याही व्यक्तीला किंवा प्राधिकरणाला’ आदेश देऊ शकतं, आणि तेही फक्त मूलभूत हक्कांसाठी नव्हे, ‘अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’सुद्धा. या शब्दांचा पल्ला सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रुदाणी प्रकरणात स्पष्ट केला. अहमदाबादच्या एका ट्रस्टने आपलं विज्ञान महाविद्यालय बंद केलं आणि शिक्षकांची देणी थकवली. आम्ही खासगी ट्रस्ट, आमच्याविरुद्ध रिट (कलम २२६ खालची याचिका) कशी, असा ट्रस्टचा बचाव होता. न्यायालयाचं म्हणणं असं की संस्थेचं रूप काय आहे याला महत्त्व नाही, तिच्यावर असलेल्या कर्तव्याचं स्वरूप बघायचं. त्या कॉलेजला सरकारी अनुदान होतं, हे समोरचे लगेच दाखवून देतील. म्हणून त्यासोबत २०१५ चा एसआरएम विद्यापीठाचा निकाल ठेवायचा. एका अभिमत विद्यापीठाविरुद्ध अध्यापिकेची याचिका चालू शकते, कारण ते उच्च शिक्षण देण्याचं सार्वजनिक काम करतं, असं त्यात म्हटलं आहे.

या वाटेला मर्यादा आहे. २०२२ च्या सेंट मेरीज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संस्था सार्वजनिक काम करते एवढ्याने भागत नाही. तक्रारीतल्या नेमक्या कृतीचा त्या सार्वजनिक कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो. तो वाद कर्मचाऱ्याच्या नोकरीचा होता, त्यामुळे तिथे याचिका टिकली नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मी हा निकाल असा वाचतो: मेसच्या ठेकेदाराशी तुमचं भांडण असेल तर तो करार आहे, दिवाणी न्यायालयात जा. पण प्रवेश, हजेरी, टर्म देणं (सत्र पूर्ण केल्याचं मान्य करणं), परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट या गोष्टी कॉलेज स्वतःच्या मालकीने करत नाही. पदवी विद्यापीठ देतं, जागांना मंजुरी एआयसीटीई ही केंद्राची तंत्रशिक्षण परिषद देते, प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या फेऱ्यांतून होतात. सत्रासाठी निलंबन म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेला बसू न देणं. तिथे कॉलेज विद्यापीठाचा हात म्हणून काम करतं आणि तिथेच उच्च न्यायालयाचं दार उघडतं.

जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि (जीविताचं व व्यक्तिस्वातंत्र्याचं) २१ खालचे हक्क राज्याव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येतात. समाजमाध्यमांवर या निकालाचा आधार घेऊन बरेच जण छातीठोक सल्ले देतात. मी तो याचिकेत घालतो, पण त्यावर इमारत उभी करत नाही. रोजच्या प्रकरणांत तो कसा लावायचा याची घडी अजून नीट बसलेली नाही, आणि तरुण मुलाचं वर्ष पणाला लावून प्रयोग करू नये असं माझं मत आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि तुमच्या प्रश्नात त्यांची माहिती नाही. तुमचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहे की लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला? स्वायत्त आहे का? अल्पसंख्याक दर्जा आहे का? संलग्न कॉलेज असेल तर शिस्तीचे नियम विद्यापीठाचे लागतात आणि विद्यापीठाला प्रतिवादी करून खेचता येतं. स्वायत्त असेल तर परीक्षा कॉलेजच्या हातात असतात, पण पदवी विद्यापीठाचीच, त्यामुळे मुद्दा कमकुवत होत नाही. अल्पसंख्याक दर्जाने कलम ३० खाली संस्था चालवण्याचा हक्क मिळतो, विद्यार्थ्याला न ऐकता काढण्याचा मिळत नाही.

आता तुमच्या हातातल्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका विद्यार्थिनीला ‘ऑपरेशन सिंदूर’संबंधीची पोस्ट शेअर केल्याबद्दल रस्टिकेट केलं, म्हणजे कॉलेजातून काढलं. तिने पोस्ट थोड्याच वेळात काढून माफीही मागितली होती. तरी गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आणि परीक्षा तोंडावर होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने तिला जामिनावर सोडण्याचा आदेश दिला आणि कॉलेजचा आदेशही स्थगित केला, म्हणजे तिला परीक्षेला बसता यावं. कॉलेजच्या आदेशाबद्दल न्यायालयाला खटकलेली मुख्य बाब होती ती ही, की म्हणणं मांडण्याची संधी न देताच तो काढला होता. तुमच्या पोस्टपेक्षा कितीतरी तापलेला विषय, कॉलेज खासगी, आणि तरीही दिलासा मिळाला तो कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर.

याउलट हक्काच्या मूळ मुद्द्यावर काय होतं ते चेंबूरच्या कॉलेजातल्या हिजाबबंदीत दिसलं. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांच्यावरच्या बंदीपुरती अंतरिम स्थगिती दिली, पण वर्गात बुरख्याला परवानगी दिली नाही. एकच परिपत्रक, दोन न्यायालयं, दोन दिशा. त्या मानाने ‘मला ऐकलंच नाही’ या मुद्द्यावर न्यायालयांचं फारसं दुमत होत नाही.

ऐकून घेणं म्हणजे मात्र कोर्टातला खटला नव्हे, हेही लक्षात ठेवा. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजमधल्या काही विद्यार्थ्यांवर रात्री मुलींच्या वसतिगृहात घुसल्याचा आरोप होता. मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या पाठीमागे घेतले गेले, उलटतपासणी दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कॉलेजची कारवाई कायम ठेवली: आरोप त्यांना लेखी कळवला होता, उत्तराची संधी दिली होती, आणि त्या परिस्थितीत मुलींना समोर उभं करणं शहाणपणाचं नव्हतं. म्हणजे किमान पायरी तीन गोष्टींची: आरोप काय ते लेखी सांगा, उत्तराला वेळ द्या, कारणं लिहून निर्णय कळवा. तुमच्या तीन ओळींच्या पत्रात यातलं काहीच नाही. कोणत्या नियमाखाली निलंबन केलं तेही नाही. माझ्या अनुभवात न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, ‘कुठल्या नियमाखाली?’, आणि कॉलेजचे वकील माहितीपुस्तिका चाळायला लागतात.

हमीपत्राचं काय? ऑल्गा टेलिस प्रकरणात, म्हणजे मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या १९८५ च्या खटल्यात, त्यांनी आधी उच्च न्यायालयात दिलेली कबुली महापालिकेने त्यांच्याविरुद्ध वापरू पाहिली. मूलभूत हक्क कुणी लिहून देऊन सोडू शकत नाही, असं घटनापीठाने सांगितलं. तिथे समोर महापालिका होती, म्हणजे थेट ‘राज्य’. तुमचं कॉलेज इथे फरक दाखवेल. म्हणून दुसरा आधारही ठेवा: कायद्याचा हेतू विफल करणारा किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली रद्दबातल असतो, आणि बेकायदा शुल्काबद्दल विद्यार्थ्याने तोंडच उघडू नये असं लिहून घेणं त्यात बसतं असं मी म्हणेन. रॅगिंगविरोधी हमीपत्राशी याची गल्लत करू नका. ते यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या विनियमांनीच घ्यायला लावलेलं आहे आणि ते पूर्ण बंधनकारक आहे.

आता तुमच्या स्टोऱ्या मला शब्दशः बघाव्या लागतील, कारण इथे प्रकरण बनतं किंवा बिघडतं. ‘मेसच्या डाळीत अळ्या, हा फोटो, तारीख अमुक’ हे एक. ‘अमुक सर पैसे खातात’ हे दुसरं. दुसऱ्यात पुरावा नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार होऊ शकते आणि न्यायालयाची सहानुभूतीही पातळ होते. शिक्षिकेचा फोटो मॉर्फ करणं, जातीवरून शिवीगाळ, धमकी असलं काही असेल तर घटनेची भाषा विसरा. तसं नसेल आणि मुद्दा शुल्काचा असेल, तर तो शुल्काचा म्हणूनच मांडा. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याखाली विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर शुल्काबाहेर ‘विकास निधी’ घेतला असेल तर १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदाही आहे. प्राधिकरणाने तुमच्या कॉलेजला मंजूर केलेल्या शुल्काचा आदेश काढा, तुमच्या पावत्या शेजारी लावा आणि तिथे रीतसर तक्रार करा. मग कॉलेजला ‘बदनामी केली’ म्हणणं अवघड जातं. नियमबाह्य वसुलीची तक्रार करणाऱ्या मुलावर सूड उगवला, असं चित्र तयार होतं.

फोनबद्दल. परीक्षागृहात किंवा वर्गात फोन जमा करून घेणं वेगळं आणि चॅट उघडून वाचणं वेगळं. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करण्याच्या सक्तीविरुद्ध निकाल दिला आणि नियम न पाळल्याबद्दल काढलेल्या मुलीला परत घ्यायला लावलं. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण वाचून दाखवायला चांगला आहे. रेक्टरला पोलिसांचेही अधिकार नाहीत. ही बाब तक्रारीत स्वतंत्र परिच्छेदात लिहा: तारीख, वेळ, कोण हजर होतं, फोन किती वेळ त्यांच्याकडे होता.

आता करायचं काय. आजच्या आज प्राचार्यांना एक पानी अर्ज द्या. त्यात भाषणस्वातंत्र्यावर निबंध नको. निलंबन कोणत्या नियमाखाली केलं, चौकशी अहवालाची प्रत द्या, म्हणणं मांडायला तारीख द्या, आणि तोवर वर्गात व परीक्षेला बसू द्या, एवढंच. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट आणि कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल. त्याच दिवशी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे तक्रार करा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार या समितीने शक्यतो पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. समिती स्थापनच केलेली नाही असं कळलं, तर ती माहिती लेखी मिळवा. विद्यापीठाकडे माहितीच्या अधिकारात विचारलं तरी चालेल. कॉलेज विनाअनुदानित असल्याने स्वतः त्या कायद्याखाली येत नाही म्हणेल, विद्यापीठाला तसं म्हणता येत नाही.

पण परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ असेल तर या पायऱ्या संपायची वाट बघू नका. पर्यायी उपाय असल्यास न्यायालय सहसा आधी तिकडे जायला सांगतं. मात्र नैसर्गिक न्याय, म्हणजे निर्णयाआधी म्हणणं ऐकून घेणं, पाळलेला नसेल तर तो अडसर राहत नाही, आणि तुमची तक्रार नेमकी तीच आहे. सांगलीकरांना आता मुंबई गाठायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. वकील याचिका दाखल करून तातडीच्या सर्क्युलेशनसाठी (प्रकरण लवकर सुनावणीला लागावं म्हणून) प्रेसिपी, म्हणजे छोटा विनंतीअर्ज, देतील आणि त्यात परीक्षेची तारीख ठळक लागेल. मागायचं ते अंतरिम: याचिकेच्या निकालाच्या अधीन राहून वर्गात आणि परीक्षेला बसू द्या. तसा आदेश झाला तर तुमच्या परीक्षेचा निकाल राखून ठेवला जाऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. महिनाभर गप्प बसून हॉल तिकिटाच्या आदल्या दिवशी धावत आलेल्या विद्यार्थ्याला ‘इतके दिवस काय करत होतात?’ हे ऐकावं लागतं आणि चांगलं प्रकरण तिथेच ढिलं पडतं. ग्राहक मंचात जा असा सल्ला कुणी दिला असेल तर तूर्त बाजूला ठेवा. शिक्षण ही ‘सेवा’ आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एका सुरात नाहीत, आणि तिथे परीक्षेच्या मुदतीत काही हाती लागत नाही.

आणखी दोन जागी सावध राहा. ‘स्वतःहून टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढून घ्या, करिअर खराब होणार नाही’ असा निरोप वर्गशिक्षकांमार्फत येईल. टीसीच्या अर्जावर एकदा सही झाली की तुम्ही स्वेच्छेने कॉलेज सोडलं असं रेकॉर्ड होतं आणि निलंबनाला आव्हान द्यायला काही उरत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवली असतील तर यूजीसीची २०१८ ची अधिसूचना संस्थेला मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मनाई करते, ती अर्जाला जोडा.

दुसरी जागा माफीनाम्याची. कॉलेजला नोटीस गेली की निम्म्याहून जास्त प्रकरणांत कॉलेज म्हणतं, माफी लिहून द्या, विषय संपवू. सत्र वाचत असेल तर मी नाही म्हणत नाही. पण मजकूर तुमचा हवा. ‘माझ्या स्टोरीमुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास खेद वाटतो’ एवढं पुरे. ‘मी खोटी माहिती पसरवली, यापुढे असं केल्यास माझा प्रवेश रद्द करावा’ अशा छापील नमुन्यावर सही करू नका, कारण पुढच्या वेळी तोच कागद चौकशीशिवाय वापरला जाईल. आणि निलंबन मागे घेतल्याचं पत्र, तारीख आणि हजेरीच्या उल्लेखासह, हातात पडल्यावरच माफीची प्रत द्या. सही करण्याआधी मजकूर इथे टाकलात तर बघून सांगेन.